पाहुण्याची ओळख व यजमानाची जबाबदारी : सामायिक संगणकावरील प्रवेशाचा इतिहास

(१)

कोणत्याही कचेरीचे काम केवळ तेथील नोकरवर्गाकडून पार पडत नाही. हिशेबतपासनीस, वकील, माल पुरविणारे व्यापारी, सल्लागार, दुसऱ्या विद्यापीठातील सहसंशोधक अशी कितीतरी बाहेरची माणसे तिच्या कामात भाग घेत असतात. कागदाच्या काळी अशा माणसापुढे लागेल तेवढे दप्तर काढून ठेवले जाई, कारकुनाची त्याजवर नजर असे, आणि काम आटोपताच ते दप्तर पुन्हा कपाटात जाई. पुढे कचेरीतील कागद, पत्रव्यवहार आणि चर्चा ही सर्व संगणकावरील एकाच सामायिक जागेत एकवटली, तेव्हा ही साधी व्यवस्था उरली नाही. बाहेरच्या माणसास कागद दाखविणे म्हणजे त्याला कपाटांच्या खोलीतच प्रवेश देणे होऊन बसले.

‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’, ‘स्लॅक’ यांसारख्या सहकार्य-प्रणालींत या बाहेरच्या माणसास ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा असे नाव आहे. हे नाव नवे वाटले तरी त्यामागील अडचण साठ वर्षांहून जुनी आहे. एका संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत सुरू झाली तेव्हाच ती उद्भवली, आणि पुढील प्रत्येक टप्प्यात तिने निराळे रूप घेतले. या इतिहासाचे परीक्षण करताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवणे अवश्य आहे. आलेला माणूस कोण, हा पहिला. त्याला काय पाहता व करता यावे, हा दुसरा. आणि त्याचा प्रवेश केव्हा संपावा, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तंत्राने उत्तरोत्तर अधिक चांगली दिली. तिसऱ्याचे उत्तर मात्र बव्हंशी यजमानाच्या दक्षतेवरच अवलंबून राहिले, आणि अनेक अनर्थांचे मूळ तेथेच सापडते, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

(२)

१९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. एकाच संगणकाचा वेळ अनेकांमध्ये वाटून द्यावयाचा, हे तिचे तत्त्व. प्रत्येकाच्या खाजगी फाइली एकाच यंत्रात राहणार असल्यामुळे त्या परस्परांपासून सुरक्षित ठेवण्याची गरज उत्पन्न झाली, आणि तिच्यातूनच परवलीच्या शब्दाचा, म्हणजे पासवर्डचा, संगणकावर वापर सुरू झाला.

या उपायाची दुबळी बाजू लवकरच दिसून आली. १९६२ मध्ये तेथीलच एका संशोधकास नेमून दिलेला साप्ताहिक वेळ अपुरा पडू लागला. त्याने परवलीच्या शब्दांची फाइल छापून देण्याची मागणी छिद्रित कार्डाद्वारे यंत्राकडे केली आणि यंत्राने ती निमूटपणे पुरी केली. मग त्याने इतरांच्या नावांवर आपले काम चालू ठेवले. याच दशकाच्या मध्यास आणखी एक प्रकार घडला. एक व्यवस्थापक दैनंदिन सूचनेची फाइल दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची. संपादनाचा कार्यक्रम दोघांसाठीही एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरीत असल्यामुळे दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्या दुपारी जो कोणी यंत्रावर आला त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटले.

या दोन प्रसंगांत बाहेरचा शत्रू कोठेच नाही. पहिल्या प्रसंगातील मनुष्य संस्थेतीलच होता आणि त्याचे काम रास्त होते. रीतसर मार्गाने मिळणारी सवलत अपुरी पडली म्हणून त्याने दुसऱ्याच्या नावाचा आश्रय केला. गरज खरी असून रीतसर प्रवेश मिळत नसेल, तर उसन्या नावाने प्रवेश होतो, हा या इतिहासातील पहिला धडा होय. एखाद्या कचेरीने पाहुण्यांस दार सर्वस्वी बंद केले, तर तेथील नोकर आपलाच परवलीचा शब्द बाहेरच्या सहकाऱ्यास सांगून मोकळा होतो. असा पाहुणा कोणत्याही यादीत नसतो, आणि म्हणून त्याला कोणी निरोपही देत नाही.

सीटीएसएसच्या अनुभवातून ‘मल्टिक्स’ ही प्रणाली निघाली. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांच्या या योजनेची रूपरेषा १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. मल्टिक्समध्ये माहितीच्या प्रत्येक खंडास एक अनुज्ञा-यादी जोडलेली असे. कोणत्या व्यक्तीने, कोणत्या प्रकल्पाची सदस्य या नात्याने, तो खंड वाचावा वा बदलावा, हे त्या यादीत नमूद असे. व्यक्ती आणि प्रकल्प यांची ही जोडी महत्त्वाची आहे. कारण तीमुळे माणसाची ओळख आणि त्याचा अधिकार या दोन गोष्टी प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. मल्टिक्सशी निकट संबंध असलेल्या जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणावर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येकास कामापुरताच, किमान अधिकार असावा, आणि परवानगी स्पष्टपणे दिली नसेल तर ती नाही असेच समजावे, ही त्यातील दोन सूत्रे पाहुण्याच्या प्रश्नास आजही तंतोतंत लागू पडतात.

(३)

एकाच संस्थेच्या भिंतीआड यंत्र असेपर्यंत पाहुणा हा डोळ्यांसमोरचा माणूस होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘आर्पानेट’ या संगणकजाळ्यावरून पहिला संदेश गेला, आणि ही परिस्थिती पालटू लागली.

एमआयटीच्या कृत्रिम प्रज्ञेच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या होतकरू लोकांस फावल्या वेळी यंत्र वापरू देण्याची जुनी प्रथा होती. अशा लोकांस तेथे ‘टूरिस्ट’ म्हणजे प्रवासी म्हणत. आरंभी त्यांचा प्रवेश प्रयोगशाळेतील एखाद्या परिचिताच्या ओळखीने होई, आणि यंत्रापाशी प्रत्यक्ष यावे लागत असल्यामुळे त्यांच्या संख्येस आपोआप मर्यादा पडे. जाळे वाढले, घरोघरी टर्मिनले आली, तशी ही मर्यादा नाहीशी झाली आणि प्रयोगशाळेस प्रवाशांसाठी लेखी नियम करावे लागले. या प्रथेचा केवळ बेशिस्त म्हणून अव्हेर करणे अन्यायाचे होईल. पदवी वा नोकरी नसलेल्या जिज्ञासूंना मोठ्या यंत्रावर हात फिरविण्याची संधी तेव्हा अन्यत्र क्वचितच मिळे. तिला धोका झाला तो तिच्या औदार्यामुळे नव्हे. पाहुण्यास ओळखणारा माणूस मधून नाहीसा झाला, हे त्याचे कारण होय.

ही बदललेली स्थिती रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ च्या डिसेंबरमध्ये एका टिपणात निदर्शनास आणली. यंत्रापाशी येण्यासच अडचण असल्यामुळे जी सुरक्षितता आपोआप लाभत होती तिच्यावर संस्था अजून विसंबून आहेत. लोक आपले नाव, आद्याक्षरे किंवा यंत्राचे नाव उलटे लिहून तोच परवलीचा शब्द करतात. आणि जाळ्यात शिरण्याचे दूरध्वनी क्रमांक वाटेल त्याच्या हाती जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

याच काळात पाहुण्याच्या प्रश्नास एक निराळे आणि यशस्वी उत्तरही मिळाले. १९७१ च्या एप्रिलमध्ये, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाइली नेण्याच्या नियमावलीचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. या नियमावलीच्या आधारे पुढे ‘अनॉनिमस’ म्हणजे निनावी प्रवेशाची रूढी पडली. येणाऱ्याने ‘अनॉनिमस’ हे नाव द्यावयाचे आणि परवलीचा शब्द म्हणून ‘गेस्ट’ असे, किंवा शिष्टाचार म्हणून आपला ई-मेलचा पत्ता, लिहावयाचा. या पाहुण्याची ओळख कोणी विचारीत नसे. परंतु त्याला सार्वजनिक म्हणून राखून ठेवलेल्या फाइलींपलीकडे काही दिसतही नसे. पहिला प्रश्न अनुत्तरित ठेवूनही दुसऱ्याचे उत्तर काटेकोरपणे दिले, तर निनावी पाहुण्यापासून फारसे भय नसते, हे या रूढीने दाखविले.

(४)

याच्या नेमकी उलट स्थिती असली म्हणजे काय होते, हे १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत दिसून आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये यंत्राच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. तिचा शोध क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आला. ही किरकोळ चूक नसून कोणी परका यंत्रात वावरतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याला तत्काळ हाकलून न देता त्यांनी कित्येक महिने त्याच्या हालचालींची नोंद ठेवली. अखेर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोचला. १९८८ मध्ये स्टॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार या घुसखोराने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केला आणि ३० हून अधिक संगणकांत त्याला प्रवेश मिळाला.

त्याची पद्धत या निबंधाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. बर्कलीच्या यंत्रात त्याने एका कार्यक्रमातील उणिवेचा लाभ घेतला हे खरे. परंतु अन्यत्र तो बहुधा दारे ठोठावून पाहत असे. ‘गेस्ट’, ‘सिस्टिम’, ‘फील्ड’ अशी रूढ नावे आणि ठरीव परवलीचे शब्द वापरून पाहणे, एवढाच त्याचा पुष्कळदा उद्योग असे. बर्कली येथे त्याने वापरलेल्या खात्यांपैकी एक परदेशी गेलेल्या सदस्याचे होते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असे खाते त्याला सोयीचे पडले. ‘गेस्ट’ हे सामायिक खाते कोणा एकाचे नसते, म्हणून त्याच्या वापराबद्दल कोणी जबाबदार नसतो. गेलेल्या माणसाचे खाते एकाचे असते खरे, पण तो जाग्यावर नसतो. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे. प्रवेश चालू आहे, आणि तो कशासाठी चालू आहे हे सांगू शकणारा मनुष्य तेथे नाही.

(५)

पाहुण्याची ओळख यजमानानेच पटवून घ्यावयाची, तर प्रत्येक संस्थेस प्रत्येक परक्यासाठी नवे खाते व नवा परवलीचा शब्द निर्माण करावा लागतो. पाहुणा दहा ठिकाणी जात असेल तर त्याच्याजवळ दहा शब्द होतात, आणि तो ते एकसारखे ठेवतो किंवा लिहून ठेवतो. यातून सुटण्याचा मार्ग एमआयटीच्या ‘अथीना’ प्रकल्पात सापडला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातील ‘केर्बेरोस’ या पद्धतीचे वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत परवलीचा शब्द जाळ्यावरून फिरत नाही. एक विश्वसनीय सेवा माणसाची ओळख पटवून त्याला काही तासांत बाद होणारे तिकीट देते, आणि इतर सेवा ते तिकीट मान्य करतात. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत एका संस्थेचे तिकीट दुसऱ्या संस्थेत चालावे याची सोय स्पष्टपणे केलेली आढळते.

कचेरीतील सहकार्याच्या क्षेत्रात १९८९ मध्ये आलेल्या ‘लोटस नोट्स’ या प्रणालीने सार्वजनिक किल्लीच्या गणिती पद्धतीवर आधारलेली ओळखपत्रे वापरली. दोन कंपन्यांस एकत्र काम करावयाचे झाल्यास त्यांनी एकमेकींच्या प्रमाणपत्रांस प्रति-प्रमाणपत्र देऊन मान्यता द्यावयाची, अशी तिची रीत होती. जुन्या मराठी दप्तरांशी परिचय असलेल्या वाचकास येथे ‘दस्तक’ आठवल्यावाचून राहणार नाही. चौकीवरचा शिपाई वाटसरूस ओळखत नसे. तो दस्तकावरील शिक्का ओळखत असे.

विद्यापीठांच्या जगात या कल्पनेस व्यापक रूप आले. अमेरिकेतील ‘इंटरनेट-२’ या संस्थेच्या ‘शिबोलेथ’ प्रकल्पाने आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रमाणित झालेल्या ‘सॅमल’ या भाषेने एका संस्थेने आपल्या माणसाविषयी दुसरीस हमी द्यावी, याची पद्धत ठरवून दिली. ‘सॅमल’ची दुसरी आवृत्ती २००५ च्या मार्चमध्ये आली. नेदरलँड्समध्ये २००२ साली मांडल्या गेलेल्या कल्पनेतून ‘एज्युरोम’ ही व्यवस्था निघाली. परगावच्या विद्यापीठात गेलेला प्राध्यापक तेथील बिनतारी जाळ्यावर स्वतःच्याच विद्यापीठाचे नाव व परवलीचा शब्द वापरतो. यजमान विद्यापीठ ती पृच्छा त्याच्या मूळ विद्यापीठाकडे पाठविते आणि होकार वा नकार तेथून येतो. परवलीचा शब्द यजमानास कळत नाही. भारतातही ही सेवा चालू आहे, आणि गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने शिबोलेथच्या आधारे विद्यापीठांचा असाच एक संघ उभारला आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ तिसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत होतो. मूळ संस्थेतील नोकरी सुटली, तेथले खाते बंद झाले, की त्याच ओळखीवर इतरत्र मिळणारा प्रवेशही थांबतो. मात्र नोकरी कायम असून केवळ सहकार्य संपले असेल, तर मूळ संस्था त्याविषयी काहीच सांगू शकत नाही. ते यजमानासच ठाऊक असते.

(६)

२०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील ‘टार्गेट’ या मोठ्या दुकानसंस्थेवर जे संकट कोसळले त्याने हा प्रश्न व्यापारी जगापुढे तीव्रतेने आणला. हवा थंड राखण्याच्या यंत्रणेचे काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदारास बिले सादर करणे इत्यादी कामांसाठी प्रवेश दिलेला होता. चोरट्यांनी त्याची प्रवेशपत्रे मिळविली आणि तेथून ते पैसे घेण्याच्या यंत्रांपर्यंत जाऊन पोचले. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती आणि ७ कोटींपर्यंत ग्राहकांचा वैयक्तिक तपशील त्यांच्या हाती लागला. कंत्राटदार खरा होता आणि त्याचे कामही खरे होते. बिलांच्या खोलीतून गल्ल्याच्या खोलीत जाण्यास पुरेसा अटकाव नव्हता, हा दोष. सॉल्टझर व श्रोडर यांचे किमान अधिकाराचे सूत्र तेव्हा ३८ वर्षांचे झाले होते.

पुढील काही वर्षांत सहकार्य-प्रणालींचा प्रसार झपाट्याने झाला. २०१४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘स्लॅक’मध्ये पाहुण्यास एका किंवा निवडक चर्चाकक्षांपुरता प्रवेश देण्याची रीत आली. ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ ही प्रणाली २०१७ च्या मार्चमध्ये उपलब्ध झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तीत पाहुण्यांचा प्रवेश सुरू झाला. तिची रचना मागील सर्व टप्प्यांचा वारसा सांगते. यजमान निमंत्रण पाठवितो. पाहुण्याची ‘गेस्ट’ अशी वेगळी नोंद यजमानाच्या नामावलीत होते. ओळख मात्र तो आपल्या मूळ संस्थेत पटवितो. आणि ज्या गटात त्याला घेतले असेल त्या गटाचेच कागद व चर्चा त्याला दिसतात. परवलीच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा मागण्याची मुभा यजमानास आहे. ज्याचे मूळ खाते मान्य होण्यासारखे नसेल त्याला ई-मेलने एकदाच चालणारा संकेतांक पाठविता येतो. ठराविक काळाने गटाच्या मालकास ‘हा पाहुणा अद्याप हवा आहे काय’ असे विचारण्याचीही सोय आहे.

२०२० मधील महासाथीने कचेऱ्या घराघरांत विखुरल्या. टीम्स वापरणाऱ्यांची दैनिक संख्या मार्चच्या मध्यास ४ कोटी ४० लाख होती. एप्रिलच्या अखेरीस ती ७ कोटी ५० लाखांवर गेल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. २०२१ च्या फेब्रुवारीत पाहुण्यांच्या प्रवेशाची सोय मुळातच चालू ठेवण्याचे धोरण त्या प्रणालीत आले. प्रत्येक पाहुण्यास निमंत्रण लागतेच. परंतु निमंत्रणाची मुभा नसणे हा नियम आणि असणे हा अपवाद, ही स्थिती उलटली. २०२२ मध्ये सामायिक चर्चाकक्ष सर्वत्र उपलब्ध झाले. त्यात बाहेरच्या माणसाची यजमानाच्या नामावलीत नोंदही होत नाही. दोन संस्था परस्परांवर विश्वास ठेवण्याचे ठरवितात आणि माणूस आपल्याच घरी राहून दुसऱ्याच्या कक्षात काम करतो.

(७)

या साठ वर्षांच्या वाटचालीचा निष्कर्ष थोडक्यात असा. पाहुण्याची ओळख पटविण्याचे काम यजमानाकडून क्रमाक्रमाने पाहुण्याच्या मूळ संस्थेकडे गेले, आणि ते योग्यच झाले. कारण ज्याला जो चांगला ओळखतो त्यानेच त्याची हमी द्यावी. अधिकाराची मर्यादा घालण्याचे काम यजमानाकडे राहिले. त्यासाठी लागणारी साधने मल्टिक्सच्या अनुज्ञा-यादीपासून आजच्या गटांपर्यंत उपलब्ध होत गेली. प्रवेश संपविण्याच्या बाबतीत मात्र यंत्राला स्मरण देण्यापलीकडे फारसे करता येत नाही. खाजगी ई-मेलच्या पत्त्यावर निमंत्रित केलेला पाहुणा नोकरी सोडून गेला तरी त्याचा पत्ता चालूच राहतो. मुदत घातली नसेल आणि गटाचा मालक स्वतःच बदलून गेला असेल, तर बर्कलीच्या त्या बेवारस खात्याची नवी आवृत्ती तयार होते.

म्हणून प्रत्येक पाहुण्यामागे यजमान-संस्थेतील एक नामनिर्दिष्ट माणूस असावा, प्रवेश देतानाच त्याची मुदत लिहावी, आणि यजमान-माणूस बदलल्यास पाहुण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या नावे रीतसर चढवावी, हे नियम साधे असले तरी इतिहासाने त्यांची आवश्यकता वारंवार सिद्ध केली आहे. दार बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. सीटीएसएसच्या काळापासून बंद दाराआड उसनी नावे फिरत आली आहेत, आणि मोकळ्या दारातून आलेल्या जिज्ञासूंनी संगणकशास्त्राचा लाभच केला आहे. अनेक विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या संशोधन-प्रकल्पांत हा विषय आता नित्याचा झाला आहे. प्रकल्पाचा हिशेब पुरा करून खाते बंद करण्याची शिस्त आपल्या संस्थांत आहे. त्याच दिवशी प्रकल्पाच्या पाहुण्यांची यादी वाचून ती बंद करण्याची शिस्त तिच्या जोडीला यावयास हवी.